डावा पीळ

सुरुवातीलाच माफी मागून ठेवतो. मी लिहिणारा माणूस नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, आणि बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलो तरी उत्तरपत्रिकेपलीकडं मी काही लिहिलेलं नाही. कॉलेजच्या अंकासाठी मराठीच्या सरांनी मला एक काम सांगितलं. ते म्हणाले, "तुझ्याकडं दोर वळतात ना? मग त्या कामातले शब्द लिहून दे. पुढं ते सांगायला कुणी राहणार नाही." मी हो म्हणालो. शब्द मला येत होते, ते कधी शिकावे लागले नव्हते. पण लिहायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की मला नुसता शब्द लिहिता येत नाही. 'वाख' लिहिलं की आप्पांचे हात दिसतात. 'पीळ' लिहिलं की गेल्या वर्षीचा ज्येष्ठ महिना आठवतो आणि पेन तिथंच थांबतो.

म्हणून जे झालं तेच लिहितो. सरांना हवं होतं ते हे नव्हे, हे मला कळतं. वाचून कुणाला 'हा कशाला लिहायला बसला' असं वाटलं, तर त्यांचं चूक नाही.

आमचं गाव लोहारा तालुक्यात, माकणीच्या धरणापासून फार लांब नाही. दोर वळणं हे आमच्या समाजाकडं पिढ्यान्‌पिढ्या आलेलं काम. बाकीच्या घरांनी ते कधीच सोडलं. कुणी ऊसतोडीला जातं, कुणी पुण्यात वॉचमन आहे. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते सोडलं नाही. बाजारात रंगीत दोर मिळतात, ते स्वस्त असतात आणि टिकतातही जास्त, हे आप्पाही कबूल करतात. पण त्यानं जनावराची मान सोलते, म्हणून गावातली काही जुनी माणसं अजून आप्पांकडूनच दोर न्यायची.

बांधावर घायपात असतं, त्याला आमच्याकडं केकताड म्हणतात. त्याची पानं ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची. गर सडला की बडवून, धुऊन जे पांढरे धागे उरतात तो वाख. वाख हातानं वळून लांबवला की पेड झाला. तीन पेड एकमेकांत पिळले की दोर. मग तो ज्या कामाला जाईल तसं त्याचं नाव. जनावर खुंट्याला बांधायचं ते दावं, बैल हाकायचा तो कासरा, ओझं आवळायचं ते चऱ्हाट. एवढं कळलं तरी पुढचं सगळं कळेल.

दोर एकट्याला वळता येत नाही. एका टोकाला आप्पा पेड सांभाळत बसतात आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी भोरकडी फिरवतं. भोरकडी म्हणजे एक लाकडी दांडा, त्याच्या पुढं गरगर फिरणारा आकडा. पीळ भरत जातो तसा दोर आखडतो आणि भोरकडीवाल्या माणसाला पाऊल पाऊल पुढं सरकावं लागतं. त्यानं हट्टानं ओढ धरली तर पेड तुटतो, ढील दिली तर पीळ गचाळ बसतो. दोर पुरा होईपर्यंत सुरुवातीला एकमेकांना हाका मारणारी दोन माणसं हळू बोललं तरी ऐकू येईल इतकी जवळ आलेली असतात.

भोरकडीवर कायम ताई असायची. ती माझ्यापेक्षा मोठी. शाळा तिनं सातवीत सोडली, म्हणजे सोडवली गेली. मीही भोरकडी फिरवायचो, पण माझा हात आप्पांना पसंत नव्हता. "तू पुस्तक वाचल्यावानी फिरवतूस," ते म्हणायचे, "मधीच थांबून इचार करतूस. दोराला इचार चालत न्हाय." ताईचा हात मात्र एकसारखा. ती वळताना बोलायची, गाणं म्हणायची, शेजारणीशी भांडायचीसुद्धा, पण हात थांबायचा नाही. तिचा पीळ नेहमी जरा घट्ट बसायचा. गावात कुणाच्याही गोठ्यात दावं बघून आप्पा सांगायचे, हे पोरीच्या हातचं हाय.

दोन वर्षांपूर्वी तिचं लग्न झालं. दाजी उमरग्याला हायवेवरच्या एका टायरच्या दुकानात कामाला आहेत, माणूस चांगला आहे. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून गेल्या वर्षी उन्हाळ्यात ताई आमच्याकडं आली.

इथं एक रीत सांगायला पाहिजे. पोटुशी बाईनं दावं ओलांडू नये, हे आमच्या भागात सगळ्याच घरांत पाळतात. ओलांडलं तर बाळंतपण लांबतं म्हणतात. दोर वळणाऱ्या घरात ही रीत आणखी कडक. आमच्याकडं तिनं पिळाला हातही लावायचा नसतो. पीळ पोटात उतरतो, असं जुनी माणसं सांगत आली. ताई यायच्या आदल्या दिवशी आईनं अंगणातली सगळी चऱ्हाटं गोळा करून माळ्यावर टाकली होती.

पण त्याआधी एकदा हात लागून गेला होता. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, ताई चार दिवस माहेरी आली होती. तेव्हा तिला तिसरा की चौथा महिना चालू होता. मी रानातलं जेवण करून दुसऱ्याच दिवशी धाराशिवला होस्टेलवर परत गेलो. आईच्या खांद्यात कळ होती. आप्पांकडं दोन ठिकाणचं काम आलेलं, आणि भोरकडीला माणूस नाही. ताईनं पदर खोचला. आप्पा नको म्हणाले. ती म्हणाली, "आप्पा, अजून माझं मलाच कळंना पोटात काय हाय ते. त्याला काय कळतंय!" आणि तिनं फिरवून दिली. हे सगळं मला नंतर आईनं सांगितलं.

वैशाख संपता संपता आम्ही ताईला उमरग्याला सोनोग्राफीला नेलं. माझी परीक्षा होऊन मी घरी आलो होतो. आत ताईसोबत आई आणि मी. आप्पा बाहेर लिंबाखाली पाण्याची बाटली घेऊन उभे होते. दवाखान्यात त्यांना वास सहन होत नाही. डॉक्टरीणबाई पडद्याकडं बघत म्हणाल्या, "मानेभोवती नाळेचा वेढा दिसतोय. एक असेल किंवा दोन. घाबरायचं काही कारण नाही, पुष्कळ बाळांना असतो. फक्त हालचाल कमी वाटली तर घरी थांबायचं नाही."

आईनं माझा दंड धरला आणि कानात सांगितलं, "आप्पाला बोलू नगंस." मी मान हलवली. पण ताईला कोण सांगणार? ती बाहेर आली ती हसतच.

"आप्पा, तुमच्या नातवाला धंदा आताच कळला बघा," ती म्हणाली. "गळ्याभवती नाळंचा वेढा घालून बसलाय आतमधी. तुम्हाला भोरकडीवर माणूस गावला."

मलाही हसू आलं. आप्पा हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "किती वेढं?"

"एक म्हणल्या. न्हायतर दोन."

"आवळ का सैल?"

हे आम्ही विचारलंच नव्हतं. एसटीत आप्पा माझ्याशेजारी बसले. मांडीवर औषधांची पिशवी होती, तिच्या तोंडाला सुतळी बांधलेली. लोहारा येईपर्यंत ते त्या सुतळीची गाठ नखानं सोडवत होते. गाठ सुटली, पिशवी उघडी झाली, मग त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी वळणं बंद केलं. पेरणी तोंडावर आलेली, कासऱ्याचे दिवस. त्यांनी अर्धे झालेले दोर काढले आणि अंगणात बसून उकलायला लागले. उकलणं वळण्यापेक्षा अवघड असतं. पीळ मुरलेला असतो, वाख पिंजारतो, आणि शेवटी हातात जे उरतं ते ना वाख ना दोर.

ओढ्याकाठच्या मळ्यातले एक काका आमचे जुने गिऱ्हाईक. ते कासरा सांगायला आले आणि बघतच राहिले.

"हे काय करायलालास?"

"उकलायलालोय."

"येडा झालास का रे? दोर वळणाऱ्यानं उकलाय बसावं म्हंजी न्हाव्यानं केस चिकटवाय बसावं."

"पोरगी मोकळी होऊ द्या, मग घ्या कासरा," आप्पा म्हणाले. काकांनी आतल्या अंधारात बाजेवर पडलेल्या ताईकडं नजर टाकली, आणि ते गेले.

बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या की घरातल्या गाठी सोडतात, पेट्यांची कुलपं काढतात, हे मी ऐकलेलं होतं. पण आप्पांनी आधीपासूनच सुरुवात केली. शिंकं उतरवलं. आडाच्या बादलीचा दोर काढला. पाळण्यासाठी आईनं जपून ठेवलेली दोरीसुद्धा सोडली. मग ताईच्या बाजेचा नंबर लागला. त्यांनी पायतीच्या, म्हणजे पायाकडच्या, दोऱ्या इतक्या सैल केल्या, की ताई मधोमध खाली गेली.

"आप्पा, ही बाज हाय का झोळी?" ती आतून ओरडली. "उठाय दोन माणसं लागतेत मला."

आई चुलीपुढून म्हणाली, "उद्या माझ्या लुगड्याची गाठ सोडा. तेवढीच ऱ्हायली."

हसून हसून ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पा खाली मान घालून दोरी सोडत राहिले. तेव्हा घरात खरं म्हणजे कुणी घाबरलेलं नव्हतं. घाबरले होते ते एकटे आप्पाच, आणि त्यांच्याकडं बघून हळूहळू मी.

मी त्यांना समजावण्याचा प्रयत्न केला. मोबाईलवर चित्र दाखवलं. बाळ पाण्यात असतं, फिरतं, फिरता फिरता नाळ गुंडाळली जाते, बाहेरच्या कशानं काही होत नाही, हे मी माझ्याकडच्या शब्दांत सांगितलं. ते शब्द पुस्तकातले होते. आप्पांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "नाळ कशी असती? सपाट का वळलेली?"

"वळलेली असावी."

"किती पेडाची?"

"माहीत नाही, आप्पा."

"पीळ कुणीकडचा?"

मला वाटलं, याचं नीट उत्तर मिळालं तर त्यांचं मन शांत होईल. आठवड्यानं ताईला तपासायला पुन्हा नेलं तेव्हा मी मागं थांबलो. डॉक्टरीणबाईंना विचारायला मला लाज वाटत होती. दारापाशी दोनदा पुढं झालो, दोनदा मागं आलो. शेवटी त्यांनीच विचारलं, "काय रे, काय पाहिजे?" मी चाचरत सांगितलं, की माझे वडील दोर वळतात आणि त्यांना हे हे विचारायचं आहे. त्या हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. पेन घेऊन त्यांनी एका कागदाच्या मागं आकृती काढली. नाळेत तीन रक्तवाहिन्या असतात, दोन बारीक आणि एक मोठी. त्या एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बहुतेक नाळांचा पीळ डावीकडचा असतो. वेढा आवळ आहे की सैल, हे मात्र त्या आता खात्रीनं सांगू शकत नव्हत्या. "वडिलांना सांग, पीळ असतो तो चांगल्यासाठीच. पीळ असला की नाळ दबत नाही," त्या म्हणाल्या.

मी खुशीत घरी आलो. आप्पा ओसरीवर होते. "तीन पेड असतात," मी म्हणालो. ते सरळ बसले. "तुमच्या दोरासारखंच आहे, आप्पा. आणि पीळ डावा."

ही गोष्ट माझ्या लक्षात असायला हवी होती, पण घरात ती कधी उघड बोलली जायची नाही. आम्ही कामाचा दोर वळतो तो उजव्या पिळाचा. दावं, कासरा, चऱ्हाट, सगळं उजवं. डाव्या पिळाचा दोर आप्पा वळायचे तो एकाच कामासाठी. गावात कुणी गेलं की तिरडी बांधायला. तो अंगणात वळत नाहीत, घरामागं बसून वळतात, आणि त्याला भोरकडी लावत नाहीत, नुसत्या हातावर पिळतात.

आप्पांचा चेहरा बघितला आणि मला घरामागचं ते बसणं आठवलं. तोवर बोलून झालेलं होतं.

"सगळ्यांचीच तशी असते, आप्पा," मी घाईनं म्हणालो. "बहुतेक सगळ्यांची. माझीही असेल. तुमचीही."

"म्हंजी येतानाच डावा पीळ घेऊन येतंय व्हय माणूस," ते म्हणाले, आणि उठून आत गेले.

मला कळत होतं, की ते घाबरतात ते चूक आहे. पण ते चूक आहे हे ज्या शब्दांत सांगता येईल ते शब्द माझ्याकडं नव्हते. त्यांच्या शब्दांत सांगायला गेलो तर हे असं झालं. माझ्या शब्दांत सांगितलं तर ते नुसते ऐकून घेत होते. कॉलेजात जाऊन मी एवढंच कमावलं होतं, की दोन्हीकडचं थोडं थोडं समजतं आणि कुठलंच कुणाला देता येत नाही.

ज्येष्ठातल्या एका पहाटे ताई म्हणाली, बाळ हलत नाही. कळा नव्हत्या. आईनं तिला साखरपाणी दिलं, कुशीवर वळवलं, पोटावर हात ठेवून वाट बघितली. मग मी मारुतीच्या पारापाशी पळत जाऊन फोन लावला आणि उजाडताना ॲम्ब्युलन्स आली. ताईचा चेहरा पांढरा पडला होता, तरी जाताना ती मला म्हणाली, "माझी बाज आवळून ठेव रं. आल्यावर झोपायची हाय मला." सोबत आई गेली. मी चढायला लागलो तर आईनं मला मागं ढकललं. "तू आप्पाजवळ थांब. दाजी येतेत तिथं." गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. आप्पा उंबऱ्यात उभे होते, अनवाणी.

आमच्या गावात फोनला रेंज मिळते ती मारुतीच्या पारापाशी आणि वरच्या रस्त्यावर. घरात, ओढ्याकडं, कुठंच नाही. मी आप्पांना म्हणालो, आपण पारावर जाऊन बसू, फोन येईल. ते म्हणाले, "दोन दोर ऱ्हायलेत."

"कुठले?"

"येळवशीला तिनं वळलेलं."

मला आधी कळलं नाही. मग कळलं. घरातलं सगळं उकलून झालं होतं. पण ताईनं त्या चार दिवसांत फिरवलेले दोन दोर गावात, लोकांच्या घरी, अजून पिळलेलेच होते.

मी नाही म्हणालो. मी सांगितलं, की यानं काही होत नाही, की उमरग्यात डॉक्टर आहेत, की फोन येईल आणि आपण सापडणार नाही. आप्पांनी वाद घातला नाही. पायात चपला घातल्या आणि चालायला लागले. त्यांना एकट्याला सोडून पारावर बसणं मला जमलं नाही. मागून निघालो. पारापाशी थांबून आईला फोन लावला, बंद होता. दाजींचा लागला नाही. एवढ्यात आप्पा ओढ्याच्या वाटेला लागलेही होते.

पहिला दोर मळ्यातल्या काकांकडं होता. कासरा. काका औताची तयारी करत होते. आप्पांनी मागितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, पण चेष्टा केली नाही. "पोरीला नेलं म्हणं पहाटं," एवढं बोलून कासरा बैलांच्या म्होरकीतून सोडला आणि आमच्या पुढं टाकला. तिथंच बांधावर आप्पांनी तो उकलायला घेतला. कासरा लांब असतो. मी टोक धरून बसलो. ऊन चढत गेलं. मी दर थोड्या वेळानं खिशातून फोन काढून बघत होतो. वर रेघ नसायची, परत ठेवत होतो. काकांनी दोनदा पाणी दिलं. एकदा म्हणाले, "शिकलेला पोरगा तू. बापाला काही सांगत न्हाईस व्हय?" मी परत फोन काढून बघितला.

दुसरा दोर वरच्या आळीत होता, एका काकूंच्या म्हशीचं दावं. आम्ही पोचलो तेव्हा दुपार झाली होती. आप्पा अजूनही काही दारांत उंबऱ्याच्या बाहेरच थांबतात. तिथंही तसेच थांबले आणि हाक मारली. काकू पदर सावरत आल्या. म्हैस विकली, असं त्यांनी सांगितलं. होळीच्या आधीच, बाजारात.

"आणि दावं?" आप्पांनी विचारलं.

"दावं कोण देतंय भाऊ जनावरासंगं?"

ते खरंच होतं. जनावर विकलं तरी दावं देत नाहीत. घेणारा स्वतःचं दावं घेऊन येतो. आपलं दावं गोठ्यात खुंटीला टांगून ठेवायचं, म्हणजे लक्ष्मी त्याला धरून राहते आणि दावणीला पुन्हा जनावर येतं. काकूंच्या गोठ्यात खुंटीवर ते टांगलेलं होतं. बाहेरूनही दिसत होतं. ताईचा घट्ट पीळ.

"ते द्या, वैनी. तुम्हाला दुसरं वळून देतो."

काकूंनी मान हलवली. "माझी एकच म्हैस व्हती. ती गेली. आता दावंबी घराबाहीर घालवू व्हय?"

"पोरगी अडलीय, वैनी."

"कळतंय मला. माझ्याबी पोरी हायत. पर दावं मागू नका."

दोघंही खोटं बोलत नव्हते. त्यांना एकमेकांचं म्हणणं पुरतं पटलेलं होतं, म्हणूनच कुणी हटत नव्हतं. मी मधे उभा होतो. मला दोन्ही गोष्टी पटत नव्हत्या आणि दोघांपैकी कुणालाही काही सांगायची माझी छाती नव्हती. रेंज यायला वरचा रस्ता अगदी जवळ होता. तिकडं जायलाही पाय उचलत नव्हता. आप्पा दाराच्या चौकटीला हात टेकून उभे होते.

शेवटी काकूंनीच वाट काढली. "हितंच बसून उकला," त्या म्हणाल्या. "गोठ्यात. वाख हितंच ऱ्हाऊ द्या, खुंटीला. घराबाहीर एक धागाबी न्यायचा न्हाय." आणि थांबून म्हणाल्या, "या की आत. उंबऱ्यात काय उभं ऱ्हायलाव?"

आप्पा आत गेले. मला वाटतं, त्या गोठ्यात ते पहिल्यांदाच गेले असतील. खुंटीवरून त्यांनी दावं उतरवलं, एक टोक खुंट्याला अडकवलं आणि तिथं बसून पेड सोडवायला लागले. दुसरं टोक माझ्याकडं दिलं. "उलटं फिरव," म्हणाले. "थांबू नगंस."

भोरकडी नव्हती. मी दोन्ही तळव्यांत टोक धरून उलटं फिरवू लागलो. वळताना दोर आखडतो, हे वर लिहिलं आहे. उकलताना तो लांबतो. ढील पडू नये म्हणून मला पाऊल पाऊल मागं सरकावं लागलं. आधी गव्हाणीपाशी होतो, मग दारात आलो. आत आप्पा अंधारात होते, त्यांचे फक्त हात दिसत होते. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. पुटपुटत होत्या, देवीचं नाव असावं. मी आणखी मागं सरकलो, उंबरा ओलांडला, वरच्या रस्त्याच्या बाजूला अंगणात उन्हात आलो. तळहात सोलले होते. आप्पा आतून म्हणत होते, "हां. सोड. अजून सोड."

खिशात फोन वाजला.

दोन्ही हातांत दोर होता. एका हातानं मी तो छातीशी धरला आणि दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. दाजी होते. मागं खूप आवाज येत होता, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. मी म्हणालो, "दाजी?" आत आप्पांचे हात थांबले.

"कुठं हाव तुम्ही? सकाळधरून फोन लावायलालोय," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बसला होता. "सकाळीच झाली. गेल्या गेल्या आत घेतलं, पोट कापून काढलं. पोरगी हाय. वेढं दोन व्हतं, एक आवळ व्हता. काचंच्या पेटीत ठिवलीय. तुझी ताई बरी हाय. आप्पाला सांगा, पोरगी उशिरा रडली, पर रडली."